पाण्याच्या रांगेतला अभ्यास

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि माझ्या वाट्याला दोन अरियर आले. चेन्नईच्या कॉलेजांत कोणी नापास होत नाही. अरियर राहतो, म्हणजे विषय मागे उरतो आणि पुढच्या खेपेला सोडवायचा असतो. शब्द इतका सभ्य की तो ऐकून वाईट वाटायलाही मला जरा वेळ लागला. माझे बाबा लातूरला पाटबंधारे खात्यात होते. कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवरून मी त्यांना फोन केला आणि दोन अरियर आल्याचं सांगितलं, तर ते खूश झाले. सरकारी नोकराला त्या शब्दाने वेतन आयोगाची थकबाकीच आठवते. स्कॉलरशिपचे का, असं त्यांनी विचारलं. मग खरं काय ते मला फोड करून सांगावं लागलं. बाबा एवढंच म्हणाले, "बरं. जेवण मिळतंय ना नीट?"

मला त्यापेक्षा चार शिव्या चालल्या असत्या.

मी लातूरची. आमच्याकडे अभ्यास ही मुलांवर सोपवायची गोष्टच नव्हती. पहाटेचा क्लास, मग कॉलेज, मग संध्याकाळची टेस्ट, तिचा निकाल दुसऱ्या दिवशी फळ्यावर, आणि फळ्यावर नाव खाली गेलं की सरांचा घरी निरोप. कुठला धडा कधी वाचायचा, कुठला प्रश्न कितीदा सोडवायचा, हे सगळं दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं असायचं. मी फक्त हजर राहायची आणि हुशार म्हणवून घ्यायची. बारावीच्या गुणांवर चेन्नईत तांबरमच्या पुढच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे पहिल्या महिन्यात लक्षात आलं की इथे मला कोणी काही विचारतच नाही. प्राध्यापक यायचे, फळा भरायचे, जायचे. मी अभ्यास करते की नाही याची जगात कोणालाच फिकीर नव्हती. मला ते स्वातंत्र्य वाटलं आणि मी त्याचा पुरेपूर उपभोग घेतला.

तसा अभ्यास मी करत होते, म्हणजे तसं मला वाटत होतं. माझ्याकडे तीन रंगांचे हायलायटर होते. महत्त्वाचं पिवळं, फार महत्त्वाचं गुलाबी, परीक्षेत नक्की येणारं हिरवं. सेमिस्टर संपेपर्यंत गणिताचं पुस्तक रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसायला लागलं होतं. शिवाय टाइमटेबल होतं. ते स्केचपेनने चार्टपेपरवर काढून भिंतीवर लावायचं, दोन दिवस पाळायचं, मोडलं की नवं काढायचं. चित्रकलेत मला नक्कीच पहिला वर्ग मिळाला असता.

मी राहायची पश्चिम मांबलममध्ये, एका तंजावरी मराठी कुटुंबात पेइंग गेस्ट म्हणून. बाबांच्या खात्यातल्या कोणाच्या तरी ओळखीने ती खोली मिळाली होती. घरात दोघंच. मामा गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर होते. घरात त्यांचं बोलणं म्हणजे कॉफीची मागणी आणि वर्तमानपत्रातली एखादी बातमी. मामी पंचेचाळिशीच्या. चेन्नईत वडीलधारी बाई म्हणजे मामीच, त्यामुळे नातं शोधायची गरज पडली नाही.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, मराठी घर आहे, बोलायची अडचण नाही. मामींनी दारातच विचारलं, "काय करूलीस बाहेर? आत ये." मी दचकले. त्यांची मराठी काही पिढ्यांपूर्वी तंजावरला गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली होती. 'मला'ला त्या 'मज' म्हणायच्या, आणि मध्येच एखादं तमिळ क्रियापद असं सहज येऊन बसायचं की ते मराठीच वाटावं. माझ्या 'काय करायलाव'ला त्यांनीही कान टवकारले. पुण्याचा माणूस दोघींना हसला असता. म्हणून असेल कदाचित, आमचं पटकन जमलं.

मुलीचं लग्न होऊन ती कोइमतूरला गेली, तेव्हा मामींनी एकाच महिन्यात दोन गोष्टी केल्या. रिकाम्या खोलीत पेइंग गेस्ट ठेवली आणि पत्राद्वारे बी.कॉम.ला नाव घातलं. लग्नाआधी त्यांचं बी.कॉम.चं पहिलं वर्ष झालं होतं, पुढचं राहिलं होतं. मामांचं मत होतं की चाळिशीनंतर डोक्यात नवं काही जात नाही. ते वाईट हेतूने बोलत नसत. पंपाचा वॉशर जुना झाला की बसत नाही, हे ज्या सुरात सांगावं त्याच सुरात ते सांगायचे. मामींच्या अभ्यासाला ते इंग्रजीत 'टाइमपास' म्हणत.

माझा निकाल लागल्यावर मी दोन दिवस खोलीत बसून होते. तिसऱ्या दिवशी मामी कॉफी घेऊन आल्या आणि संख्याशास्त्राचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. त्यांना स्टँडर्ड डेव्हिएशन कळत नव्हतं. तू इंजिनिअरिंगची, तुज येत असेल, मज सांग, असं त्यांचं म्हणणं. माझे अरियर त्या विसरल्या होत्या की विसरल्यासारखं दाखवत होत्या, मला कधी कळलं नाही.

मी खूश झाले. हे तर बारावीचं. मी सूत्र लिहिलं, आकडे घातले, सरासरी काढली, प्रत्येक आकड्यातून ती वजा केली, फरकांचे वर्ग केले, बेरीज, भागाकार, वर्गमूळ, उत्तर. हात सराईतपणे चालत होता. मामी लक्ष देऊन बघत होत्या. मी पेन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "सरि, बरं. पण हे वर्ग काय म्हणून करतात?"

मी म्हटलं, सूत्रच तसं आहे.

"सूत्र कोणी तरी केलं असेल की. त्यानं काय म्हणून केलं?"

लातूरला हे गणित मी शंभरदा सोडवलं होतं. उत्तर कधी चुकलं नव्हतं. पण हे का करतात असं मला कोणी विचारलं नव्हतं आणि माझ्याही मनात आलं नव्हतं. मी सांगितलं की उद्या सांगते. मामी पुस्तक उचलून कुकर बघायला गेल्या. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र माझं रंगीबेरंगी गणिताचं पुस्तक उघडलं, एक पान वाचलं, मिटलं आणि काय वाचलं ते स्वतःलाच सांगायचा प्रयत्न केला. दोन वाक्यांनंतर गाडी थांबली. दुसरं पान, तेच. पान समोर असलं की सगळं ओळखीचं वाटायचं. पान मिटलं की ओळख संपायची.

त्या वर्षी चेन्नईत पाणी नव्हतं. तलाव आटले होते. स्वयंपाकघरातला हातपंप हापसला की नुसता धापा टाकायचा. पाणी लॉरीने यायचं, रस्त्याच्या कोपऱ्यावर, आणि तिच्या येण्याला वेळ नव्हती. सकाळी येईल असं कळायचं, म्हणून सगळ्या रस्त्यावरचे प्लॅस्टिकचे हंडे उजाडायच्या सुमारास रांगेत लागायचे. निळे, हिरवे, केशरी, एकाला एक चिकटून. हंड्यांना कुडम म्हणायचं हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले. कुडम रांगेत ठेवून घरी जाता यायचं नाही, कारण परत येईपर्यंत तो मागे गेलेला असायचा, आणि तो आपोआप कसा मागे गेला हे कोणालाच माहीत नसायचं. त्यामुळे उभं राहणं आलं.

मामी आणि मी उभ्या राहायचो. त्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी पुस्तक आणलं होतं, पण एका हातात कुडम, दुसऱ्या हातात बादली, शिवाय मागून पुढून धक्के. त्यांनी पुस्तक घरी ठेवून यायला सांगितलं. परत आले तेव्हा त्या म्हणाल्या, आता पुस्तकाशिवाय सांग.

तिथून सुरुवात झाली. ठरवून काही केलं नव्हतं. हात मोकळे नव्हते, एवढंच कारण.

आदल्या दिवशीचं उत्तर मला द्यायचं होतं. मी समोरच्या रांगेकडे बघितलं आणि म्हटलं, समजा प्रत्येक घराला सरासरी पाच कुडम पाणी मिळतं. कोणाला सात मिळतात, कोणाला तीन. सातवाल्यांचा फरक अधिक दोन, तीनवाल्यांचा उणे दोन. सगळ्यांचे फरक मिळवले तर बेरीज शून्य येते, नेहमीच येते. मामींनी डोळे बारीक करून मनात हिशेब केला. तो पटल्यावर त्या म्हणाल्या, "सगळा फरक शून्य, तर ह्या रस्त्यावर रोज भांडण काय म्हणून होतं?"

मी हसत सुटले, आणि हसता हसताच मला ते कळलं. खरंच कळलं. नुसता फरक मिळवला तर तो स्वतःलाच खाऊन टाकतो आणि रस्त्यावर सगळं आलबेल आहे असं दिसतं. वर्ग केला की उण्याचं अधिक होतं आणि कोणाचा फरक लपत नाही. शिवाय मोठा फरक आणखी मोठा होऊन ओरडतो. हे मी मामींना सांगितलं. आमच्यापुढे तीन घरं सोडून राहणाऱ्या एक बाई उभ्या होत्या, त्या कुडम नव्हे तर पिंप घेऊन यायच्या. मामींनी तिकडे बघितलं, मान डोलावली आणि त्या बाईंचा वर्ग केला की केवढा होईल, असं हळू आवाजात म्हणाल्या. संख्याशास्त्राची बाराखडी आम्हा दोघींना त्या पिंपाने शिकवली.

पण मामी तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. दोन दिवसांनी लॉरी आली तेव्हा त्यांनी आधी मागचं मला म्हणून दाखवलं, त्यांच्या शब्दांत, न अडखळता. मग विचारलं की उण्याची नुसती खूण पुसून टाकली तर नाही का चालणार, वर्ग करायचा खटाटोप कशाला. मला येत नव्हतं. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा गणिताच्या सरांच्या केबिनचं दार वाजवलं. अरियरवाली मुलगी आली म्हणून त्यांनी आधी चेहरा गंभीर केला. मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हा तुझ्या डोक्यात आला का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, मामींच्या. सरांनी कागदावर दोन आलेख काढले. एक टोकदार, तळाशी कोपरा असलेला, दुसरा गुळगुळीत वाटीसारखा. खूण पुसली तर आलेखाला कोपरा येतो, आणि कोपऱ्यावर कॅल्क्युलस अडखळतं. खूण पुसून मोजायचीही एक रीत आहे, ती चूक नाही, पण वाटीवरून पुढे जाणं सोपं. मग त्यांनी कपाटातून जुने प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे काढून दिले आणि मामींना नमस्कार सांगायला सांगितला.

मी तो कागद मामींना दाखवला नाही. रांगेत हवेत बोटाने दोन्ही आलेख काढून दाखवले. मागच्या बाईंना वाटलं मी लॉरी कुठून येतेय ते दाखवते आहे.

हळूहळू त्या सकाळींना एक वळण पडलं. आधी मागच्या वेळचं, पुस्तकाशिवाय. मग त्याच्या आधीचं एखादं, कारण मामींचा स्वतःच्या स्मरणशक्तीवर विश्वास नव्हता आणि त्या पुन्हा पुन्हा मागे जायच्या. मग नवं. मी त्यांना मॅट्रिक्स सांगायची, त्या मला घसारा सांगायच्या. घसारा म्हणजे यंत्र दरवर्षी थोडं थोडं जुनं होतं आणि त्याची किंमत वह्यांतून उतरवत जायची. मामांचीही उतरवायला हवी, असं त्या एकदा म्हणाल्या. लॉरी रोज येत नव्हती, म्हणून मध्ये एक-दोन दिवस जायचे आणि तेवढ्यात निम्मं विसरलेलं असायचं. मला त्याचा राग यायचा. पण विसरलेलं ओढून काढताना डोक्याला जो ताण पडायचा, त्यानंतर ती गोष्ट पुन्हा सहसा हलायची नाही, हे काही आठवड्यांत माझ्या ध्यानात आलं. लातूरच्या रोजच्या टेस्टमध्ये हेच होत असणार. फक्त तिथे ते माझ्यावर कोणी करत होतं, आता मी स्वतः करत होते. मी भिंतीवरचा चार्ट काढला. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मामींनी पापड वाळत घातले.

रांगेतल्या बायकांनाही आमची सवय झाली. मी बोलताना अडखळले की कोणीतरी तमिळमध्ये म्हणायचं, मागच्या वेळीही इथेच अडकली होती. विषय त्यांना कळत नव्हता, पण मी कुठे खोटं रेटून नेते आहे ते आवाजावरून नेमकं कळायचं.

परीक्षा आल्या. योगायोग असा की मामींचा संख्याशास्त्राचा पेपर आणि माझा गणिताचा अरियर एकाच दिवशी पडला. त्यांचा सकाळी सैदापेटच्या एका शाळेत, माझा दुपारी कॉलेजात. मामी इतक्या वर्षांनी परीक्षेला जात होत्या. एकटीने जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून मी त्यांना शाळेपर्यंत सोडून पुढे तांबरमची गाडी पकडायची असं ठरलं. चार दिवस लॉरी फिरकली नव्हती. घरात प्यायच्या पाण्याची एक कळशी उरली होती. मामींनी कांजीवरम नेसली होती, केसांत मल्लीचा गजरा माळला होता, देवाला दिवा लावला होता. आम्ही चपला घालत होतो आणि कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

सगळा रस्ता धावत सुटला. मामी दारातच थबकल्या. मग त्यांनी पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि हंडे उचलले. मी त्यांच्या हातातून हंडे ओढले. तुम्ही जा, मी थांबते, असं मी म्हणत होते, आणि तुझाही पेपर आहे, असं त्या म्हणत होत्या. खरंतर मी थांबून भरू शकले असते, पण मग त्या एकट्या गेल्या नसत्या, तेही मला दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. पेपर पुढच्या वर्षी देते, पाणी पुढच्या वर्षी येणार नाही, असं त्या तमिळमध्ये स्वतःशीच बोलल्या.

मामा आतून आले. कारखान्यात जायला तयार झालेले, पांढरा फुल शर्ट, इस्त्रीची पँट, हातात डबा. त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"दोघी जा. पाणी मी बघतो."

मामांनी मामींच्या हातातले हंडे घेतले, ते कसे धरायचे याचा क्षणभर विचार केला आणि बाहेर पडले. मी त्या घरात आल्यापासून मामांना पाण्यासाठी उंबरा ओलांडताना पाहिलं नव्हतं. आम्ही कोपऱ्यावरून वळताना मागे पाहिलं, तर ते रांगेच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला जाऊन उभे होते, आणि पिंपवाल्या बाई त्यांना काही तरी समजावून सांगत होत्या. मामी पुढे जायला तयार होईनात. मी त्यांचा दंड धरून चालायला लागले आणि स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये वर्ग का करतात ते विचारलं. त्या रागावल्या, पण उत्तर सांगू लागल्या. सैदापेट येईपर्यंत आम्ही मधला सगळा भाग बोलून संपवला. शाळेच्या फाटकातून आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

माझ्या पेपरात मला एक गणित आलं नाही. पण आधी मला काय येत नाही हे पेपर हातात पडल्यावर कळायचं. या वेळी ते आदल्या दिवशीच माहीत होतं, त्यामुळे घाबरायला काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर मामा झोपाळ्यावर बसले होते. बनियनवर, शर्ट दोरीवर वाळत. दुपारनंतर कारखान्यात गेले होते म्हणे. हंडे पाचातले तीनच भरले होते, कारण बायकांनी त्यांना तीनदा मागे पाठवलं होतं. पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना वेगळंच काही तरी सलत होतं. रांगेत सगळ्यांनी त्यांना विचारलं होतं की मामींचा आज कुठला पेपर. त्यांनी सांगितलं, स्टॅटिस्टिक्स. मग पिंपवाल्या बाईंनी विचारलं, म्हणजे काय असतं ते. आणि मामांना सांगता आलं नव्हतं. कारखान्यात रोज भागांची मापं घेऊन तक्ते भरणाऱ्या माणसाला ते चार बायकांसमोर सांगता आलं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

"काय असतं ग ते?" त्यांनी मामींना विचारलं.

मामींनी गजरा काढून ठेवला आणि झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसल्या. तीन भरलेले हंडे आणि दोन रिकामे समोरच होते. त्यांनी सरासरीपासून सुरुवात केली. मामा मध्ये मध्ये विचारत होते, काही शंका खरंच चांगल्या होत्या, आणि मामी न अडखळता सांगत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ धुतले, बेताच्या पाण्यात. त्या दिवसानंतर मामांच्या तोंडून टाइमपास हा शब्द मी ऐकला नाही.

निकाल आमच्या दोघींच्या मापाने लागला. मामींना संख्याशास्त्रात इतके चांगले गुण मिळाले की त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. कायद्याच्या पेपरात मात्र त्या राहिल्या. कायदा त्यांनी मला कधी सांगितला नव्हता. कलमं काय बोलायची, ती पाठ करायची, असं म्हणून दुपारी एकट्या वाचत बसायच्या. माझं गणित सुटलं, दुसरा अरियर यंत्रशास्त्राचा, तो राहिला. तिथे मी शेवटच्या आठवड्यात घाबरून पुन्हा हायलायटर हातात घेतला होता. आपापल्या अपयशाचं कारण आम्हा दोघींना एकाच वेळी दिसलं, त्यामुळे त्यावर फार बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मामी कलमं घेऊन आल्या आणि करार मोडला म्हणजे नक्की काय मोडतं, हे मला समजावू लागल्या.

पुढे ऐप्पसीचा, म्हणजे तिकडचा ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पाऊस भरपूर झाला. तलाव भरले, हातपंपाला पाणी आलं, लॉरी यायची बंद झाली. सगळ्यांसारखी मीही सुटले म्हटलं. पण आठवड्याभरात लक्षात आलं की आमचा अभ्यासही बंद पडला आहे. टेबलाशी समोरासमोर बसून पाहिलं. पुस्तक जवळ असलं की हात तिकडे जायचाच, आणि फोन वाजायचा, दूध उतू जायचं, मामींना भाजीवाला आठवायचा. मग मामींनीच तोड काढली. मी सकाळी कॉलेजला निघाले की त्या माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत यायच्या. परतताना भाजी घेतली की काम झालं. जाताना त्या विचारायच्या, मी सांगायची, किंवा उलट. मांबलम स्टेशनजवळच्या त्या गर्दीतून, फुलवाल्या आणि भांडीवाल्यांच्या मधून, मी त्यांना बॉयलर सांगितला आहे आणि त्यांनी मला ऑडिट.

तिसऱ्या वर्षातली गोष्ट. मी फ्रिज सांगत होते. मामींचा प्रश्न सोपा होता. थंड करणारं यंत्र पाठीमागून गरम का होतं? मी म्हटलं, ते थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं. त्यांना ते पटेना. उष्णता थंडातून गरमाकडे आपण होऊन कशी जाईल? मी म्हटलं, आपण होऊन जात नाही, ढकलावी लागते, म्हणून तर वीजबिल येतं. स्टेशन आलं. त्या जिना चढल्या, कारण कॉम्प्रेसर राहिला होता. प्लॅटफॉर्मवर गाडी लागलेली होती. सकाळी शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांत बसायला जागा असायची. मी चढून खिडकीशी बसले, बोलत बोलतच. मामी समोर येऊन बसल्या, ऐकत ऐकतच. कॉम्प्रेसर संपवून मी वायूचा दाब वाढला की काय होतं ते सांगत होते, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं की सैदापेट आलं की गिंडी.

सैदापेट मागे पडलं होतं. मामींच्या पायात घरातल्या रबरी चपला, हातात भाजीची रिकामी पिशवी. तिकीट नाही. जन्मात कधी विनातिकीट प्रवास केला नव्हता, असं त्यांनी मला सांगितलं आणि डब्याच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघू लागल्या. मी म्हटलं, पुढच्या स्टेशनवर उतरा. त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, फ्रिज अर्धवट राहील.

त्या तांबरमपर्यंत आल्या. कोणी तिकीट विचारलं नाही. वायू पुन्हा थंड होऊन आत कसा जातो, तो शेवटचा भाग मी स्टेशनबाहेरच्या इडलीच्या दुकानात सांगितला. मामींनी सांबाराच्या वाटीतून वर येणाऱ्या वाफेकडे बघत तो सगळा मला परत म्हणून दाखवला, सुरुवातीपासून. कुठेच अडखळल्या नाहीत. माझी कॉलेजची बस तोवर निघून गेली होती.

परतीचं तिकीट काढायला त्या खिडकीशी गेल्या आणि तिथे बराच वेळ लागला. मागची रांग कुरकुरू लागली. मी पुढे जाऊन पाहिलं, तर मामी दोन तिकिटं मागत होत्या, एक जायचं आणि एक येऊन झालेलं. झालेल्या प्रवासाचं तिकीट देता येत नाही, असं आतला माणूस तमिळमध्ये पुन्हा पुन्हा सांगत होता. मामी त्याला शांतपणे, पहिल्यापासून, समजावून सांगत होत्या.